लेकीखातर लावलेली तार

१० जून २०२३, शनिवार

आज एक मोठं काम केलं. लिहून ठेवतो, कारण घरात कुणाला त्याची किंमत कळलेली दिसत नाही.

प्रांजलला घेऊन दातांच्या डॉ. नूतन मॅडमकडे गेलो होतो. तिचे वरचे दात पुढे आलेत, ओठ नीट मिटत नाहीत. मॅडम म्हणाल्या, वय चौदा, वेळ अगदी योग्य आहे, तार लावू, दीड-पावणेदोन वर्षांत दात जागेवर. प्रांजल म्हणाली, नाही. शाळेच्या रिक्षात एका मुलीला सगळे ‘कंपाऊंड’ म्हणतात, मला नाही म्हणवून घ्यायचं. तिच्या आईने, चारूने समजावलं, मॅडमनी इतर पेशंटचे आधीचे-नंतरचे फोटो दाखवले. पोरगी मान खाली घालून बसलेली. डोळ्यांत पाणी.

मला राहवलं नाही. वेटिंगमध्ये सात-आठ माणसं होती आणि दार उघडं होतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मॅडम, आधी मला लावा, बाप लावेल मग लेक लावेल. बाहेर एका आजोबांनी टाळी वाजवली. वीस वर्षं लोकांच्या सत्कारांचं सूत्रसंचालन करतोय, आवाज कुठे चढवायचा ते मला कळतं.

खरं म्हणजे मला वाटलं होतं मॅडम हसतील आणि विषय तिथेच संपेल. (हे फक्त इथे.) पण त्यांनी मलाच खुर्चीत बसवून आ करायला लावलं. म्हणाल्या, तुमचे खालचे दात तर एकमेकांवर चढलेत, करता येईल, पण त्रेचाळीसाव्या वर्षी वेळ जास्त लागतो, पथ्य पाळावं लागतं आणि तुम्हाला गरजच आहे असं काही नाही. ‘गरज नाही’ ऐकून मी उठत होतो तेवढ्यात प्रांजलने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, पप्पा लावत असतील तर मी लावते. पण ज्या दिवशी ते काढतील त्या दिवशी मी पण काढणार.

ठीक आहे म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो.

२४ जून, संध्या. ६

दोघांना तार बसली. प्रत्येक दातावर एक बारीक चौकोनी ब्रॅकेट चिकटवतात आणि त्यातून तार ओवतात. तोंडात कुणीतरी सायकलची चेन ठेवून गेल्यासारखं वाटतंय.

२५ जून

प्रचंड ठणका. प्रांजल वरणभात खाऊन क्लासला गेली. मी कण्हतोय, पण मुद्दाम. तिला असं वाटू नये की तिचं एकटीचंच दुखतं. चारू म्हणाली, तिचं आता दुखत नाहीये, तुम्ही जरा हळू कण्हा.

२६ जून

रजा.

२७ जून

रजा. पेज.

२८ जून

एरंडोलला ऑफिसात गेलो. शेजारच्या टेबलाच्या पंडितभाऊने “दाखवा बरं, दाखवा” करत अख्खं ऑफिस गोळा केलं. सांगितलं की लेकीसाठी लावलीय. टायपिंगच्या मॅडमचे डोळे भरून आले. दिवसभरात अकरा जणांना सांगितलं. ठणका बराच कमी झाला.

२ जुलै

संकल्प. दिवसातून तीन वेळा ब्रश. मॅडमनी दिलेली न खायच्या पदार्थांची यादी फ्रीजवर लावली: फुटाणे, ऊस, कणीस, वेफर्स, बर्फ, सुपारी. यादी मी स्वतः मोठ्या अक्षरात परत लिहिली, म्हणजे प्रांजलला लांबूनही दिसेल. तिने ती मूळ यादी आधीच पाठ केली होती.

१६ जुलै

एक ब्रॅकेट निघालं.

घडलं ते असं. मेहरूणच्या तलावावर फिरायला गेलो होतो, तिथे केळीचे वेफर्स. यादीत ‘वेफर्स’ आहे. पण ते बटाट्याचे असणार. केळं ही मऊ वस्तू आहे, लहान बाळाला भरवतात. तरी मी एक-एक वेफर जिभेवर ठेवून मऊ करूनच खाल्ला, शेवटचे आठ-दहा सोडून.

मॅडमनी विचारलं, काय खाल्लं होतं. म्हणालो, केळं. त्यात खोटं काहीच नाही.

१९ ऑगस्ट

दात सरकायला जागा हवी म्हणून प्रांजलचे वरचे दोन दात काढले. माझे चार. कुणाचा त्याग मोठा हे बोलून दाखवणारा मी माणूस नाही. मॅडम म्हणाल्या, आता ध्यानात ठेवा, या फटी बंद होईपर्यंत मागे फिरता येणार नाही. मी म्हणालो, मागे फिरायचा प्रश्नच येत नाही. घरी येताना रिक्षात हिशोब केला. चार दात गेलेले, तोंडात कुलूप आणि किल्ली नूतन मॅडमकडे.

१४ नोव्हेंबर, धुळे

दिवाळीला सासुरवाडीला. पुढ्यात चकल्या, शंकरपाळे, कडक बुंदीचे लाडू आणि मी दूध-पोहे. सासूबाईंनी माझा जबडा धरून उजेडाकडे फिरवला. म्हणाल्या, “जावई, तुमना तोंडमा हाई काय शे? वावरले कुंपन करतस तसं.” सांगितलं, नातीसाठी केलंय. त्यांनी प्रांजलकडे पाहिलं. ती पातळ पिठलं-भात जेवून मावशीच्या मुलांशी कॅरम खेळत होती. म्हणाल्या, “पोर तं काहीच बोलत नही. तुमनंज बठ्ठं दुखस का?”

जुन्या पिढीला मानसिक आधार हा प्रकार माहीत नाही.

२४ डिसेंबर, रविवार

आसोद्याला पंडितभाऊच्या शेतात भरीत पार्टी. चारू-प्रांजलसह गेलो. मॅडमचा नियम एकच, मऊ खा. भाजलेल्या वांग्यापेक्षा मऊ वस्तू या जिल्ह्यात दुसरी नाही. पंडितभाऊही तेच म्हणाला, “योगराजभाऊ, दात नसलेला मानूस बी खाईन असं भरीत हाये.”

आता भरतात अख्खे शेंगदाणे असतात, खोबऱ्याचे काप असतात, हे मला ठाऊक होतं. ठरवलं होतं की वेचून बाजूला काढायचे. पहिल्या वाढीला काढले. दुसऱ्या वाढीला गप्पा रंगल्या. चौथ्या वाढीला कट्ट झालं. खालची तार गालात घुसली आणि ब्रॅकेट गायब. मला बोलता येईना म्हणून पंडितभाऊने जाहीर केलं, आणि बावीस माणसं आपापल्या केळीच्या पानावर वाकून शेंगदाण्यांत माझं ब्रॅकेट शोधू लागली. कुणालाच सापडलं नाही. पंडितभाऊच्या काकांनी बोट घालून तार सरळ करायची तयारी दाखवली. त्यांना कसंबसं आवरलं.

प्रांजलने आल्या आल्या बडगीत, म्हणजे लाकडी उखळात, वांगी कुटणाऱ्या बाईंना गाठून शेंगदाणे घालायच्या आधीच स्वतःपुरतं भरीत वाटीत काढून घेतलं होतं. हे तिला सुचलं कारण सहा महिने तिच्यासमोर बापाचं उदाहरण आहे.

२६ डिसेंबर

मॅडमना म्हणालो, वांगं खाल्लं. ब्रॅकेट पोटात गेलं असेल, जाईल म्हणाल्या. माझ्या कार्डावर काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

११ फेब्रुवारी २०२४

आज एक गोष्ट पाहिली. प्रांजल पुस्तक वाचत बसली होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. नुसते, सहज. ती लहान होती तेव्हापासून फोटो काढताना तोंडावर हात घ्यायची. मी दारात उभा राहून पाहत होतो. फार बरं वाटलं. लावली ते योग्यच केलं.

माझ्या फटी आहेत तेवढ्याच आहेत. मॅडम म्हणाल्या, दोन वेळा ब्रॅकेट निघालं की तीन महिने मागे जातो. वयाचाही परिणाम असणार.

९ मार्च

आता रबर आले. वरच्या हुकातून खालच्या हुकात अडकवायचे बारीक रबर, जेवणाव्यतिरिक्त दिवसभर. दोघांनाही. पुडीवर चित्र असतं. प्रांजल आरशात न पाहता अडकवते.

संकल्प: रोज बावीस तास.

१७ मार्च

बावीस तास जमतात. फक्त जेवण, चहा, ऑफिसातलं बोलणं, फोन आणि प्रवास वजा करायचे.

२१ एप्रिल, अमळनेर

आज अमळनेरला आमच्या कॉलेजच्या बॅचचं पंचवीस वर्षांनी संमेलन. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. प्रांजल म्हणाली, रबर काढून बोला. मी म्हणालो, बापाने नियम मोडला तर लेकीने काय शिकायचं. (पुडी आठ दिवसांनी आजच उघडली होती, हे तिला सांगायची गरज नव्हती.)

“आज या व्यासपीठावर” मधल्या ‘व्या’ला तोंड जास्त उघडलं गेलं. रबर सुटला आणि प्रमुख पाहुण्यांच्या चष्म्यावर जाऊन बसला. पाहुण्यांनी तो काढून पाहिला. मग काय आहे ते त्यांच्या लक्षात आलं. मागच्या रांगेपर्यंत हशा. पुढचा कार्यक्रम एका केमिस्टने चालवला. चांगला चालवला असं लोक म्हणत होते.

परतीच्या एसटीत पूर्ण वेळ खिडकीकडे तोंड करून बसलो. दहा महिने झाले. जेवायची भीती, बोलायची भीती, हसायची भीती. हे कधी संपणार आहे.

१२ मे, धुळे

चारूला सांगितलं, सासूबाईंसाठी पेढे आणतो. गेलो दुसऱ्याच एका दातांच्या डॉक्टरकडे. तरुण मुलगा आहे. त्याला म्हणालो, सहज चौकशी, समजा एखाद्याला तार मध्येच काढून टाकायची असेल तर. त्याने आ करायला लावलं. मग स्टूल जवळ ओढून शांतपणे समजावलं की चार फटी अर्ध्या उघड्या आहेत, आत्ता काढली तर दात वाटेल तिकडे कलतील, चावता येणार नाही, आधी होते त्यापेक्षा वाईट होईल. माझ्या डॉक्टर कोण ते विचारलं. नूतन मॅडमचं नाव ऐकून म्हणाला, अरे, त्या आम्हाला शिकवायला होत्या. मी म्हणालो, त्यांना सांगायची गरज नाही, मी फक्त चौकशी केली. तो हो म्हणाला.

पेढे विसरलो. परत जाऊन आणले.

नीट विचार केला तर मी तार काढणार नव्हतोच. मी काढली की प्रांजल काढणार, तसं ठरलंय. तिचं अर्ध्यावर राहील. माझ्यापायी पोरीचं नुकसान नको, म्हणून मी मागे फिरलो. डॉक्टर काय म्हणाला हा भाग वेगळा.

१८ ऑगस्ट

प्रांजल दहावीत. पुढच्या जूनला नाशिकला अकरावीला जायचं म्हणते. होस्टेल. तिची एकच इच्छा आहे, जायच्या आधी तार निघाली पाहिजे. नवं गाव, नव्या मुली, तिथे तिला कुणाला काही समजावत बसायचं नाहीये. मॅडम म्हणाल्या, प्रांजलचं सहज होईल. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमचं तुमच्या हातात आहे.

म्हणजे आता माझ्यावर जबाबदारी आली. तिची आणि माझी एकाच दिवशी निघणार, तसं ठरलंय. मी मागे राहिलो तर ती अडकेल. आजपासून बावीस तास म्हणजे बावीस तास. मोबाइलवर तीन अलार्म लावले.

२५ ऑगस्ट

अलार्ममुळे मीटिंगमध्ये साहेब चिडले. दोन बंद केले.

१ सप्टेंबर

तिसरा पहाटे पाचचा होता. चारूने बंद केला.

३ नोव्हेंबर

दिवाळी. प्रांजल मला रोज विचारते, पप्पा, रबर? मी हो म्हणतो. तिच्या लक्षात यावं म्हणूनच ती मला विचारत असणार. स्वतःला शिस्त लावायची तिची ही पद्धत आहे.

९ फेब्रुवारी २०२५

मॅडमकडे. आधी मला पाहिलं, बाहेर बसायला सांगितलं. मग प्रांजल आणि चारू आत अर्धा तास. काचेतून दिसत होतं, मॅडम काहीतरी समजावत होत्या आणि प्रांजल मान हलवून नाही नाही म्हणत होती. बाहेर आल्यावर विचारलं तर चारू म्हणाली, काही नाही, परीक्षेनंतर बघू. बहुतेक तिचं रखडलंय आणि मला सांगवत नाहीये. मी प्रांजलच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, घाबरू नकोस, कितीही वेळ लागू दे, पप्पा तुझ्यासोबत तार ठेवतील. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, हो पप्पा, माहितीये मला.

रिक्षात चारूने प्रांजलचा हात धरून ठेवला होता.

३० एप्रिल

आखाजी. खापरावरचे मांडे आणि आमरस. वर्षातला एकच सण असा की ताटातलं सगळं मऊ. पाच मांडे खाल्ले. प्रांजल खालच्या मुलींबरोबर झोक्यावर होती. मोठ्याने हसत होती, तोंडावर हात नाही. आता महिनाभरात जाईल.

माझ्या फटींतून अजून शेंगदाणा आरपार जातो. पाहिला घालून.

१७ मे, शनिवार, दुपार

प्रांजलची तार निघाली.

मी ताठ उठून खुर्चीकडे गेलो, म्हणालो, आता माझी. रात्रीच ठरवलं होतं की आज आपली सुटका. मॅडम म्हणाल्या, बसा, योगराजभाऊ. आणि सांगितलं की अजून दहा महिने. निदान. रबर लावले तर.

मी म्हणालो, पण मग आमचं ठरलंय त्याचं काय. एकाच दिवशी काढायची. प्रांजल इतके दिवस अडकली होती, मी तिच्यासाठी थांबलो होतो. आणि हेही बोललो की तिचं थोडं रखडलं तरी मी तक्रार केली नाही.

मॅडमनी हातमोजे काढले. त्यांनी काय सांगितलं ते जसं आठवतं तसं लिहितो. प्रांजलचं फेब्रुवारीतच झालं होतं. त्या दिवशीच काढणार होत्या. प्रांजलच नको म्हणाली. धुळ्याच्या त्या डॉक्टरने मागच्या वर्षी लगेच फोन केला होता, काळजी वाटली म्हणून, आणि मॅडमनी तो चारूला सांगितला होता. प्रांजलने घरात ऐकलं. ती मॅडमना म्हणाली, माझी निघाली तर पप्पा पण कुठेतरी जाऊन काढून येतील, आणि त्यांना मग जेवता येणार नाही. माझी आहे तोवर ते काढणार नाहीत. मॅडम म्हणाल्या, तीन महिने तार नुसतीच ठेवली, दातांना काही झालं नाही, पण आता ती नाशिकला जातेय, आता तिला सोडायलाच हवं.

पोरगी आरशासमोर उभी होती. दातांवरून जीभ फिरवत होती. गुळगुळीत लागतंय म्हणाली. माझ्याकडे वळली नाही.

मला वाटत होतं, तिला मी धरून ठेवलंय.

१८ मे

चारूला एवढंच विचारलं, तुला माहीत होतं तर मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, प्रांजलने शपथ घातली होती, म्हणाली, पप्पांना वाईट वाटेल. मग म्हणाली, तिच्या दहावीच्या सगळ्या फोटोंत तार आहे. मी ते फोटो पाहिले. खरंच सगळ्यांत आहे.

मला स्वतःची लाज वाटली. हे लिहून ठेवतो.

संकल्प करत नाही.

१४ जून, शनिवार

प्रांजल सकाळी नाशिकला गेली. चारू सोडायला गेली आहे, उद्या येईल. स्टँडवर प्रांजल खिडकीतून हसली. सगळे दात दिसले, एका ओळीत. बस वळेपर्यंत मी हात हलवत होतो.

घर सुनं आहे. फुटाणे आहेत. खाल्ले नाहीत. म्हणजे थोडेच.

१५ जून, संध्या. ७

प्रांजलचा फोन. मी म्हटलं, होस्टेलचं, मेसचं काही सांगेल. तिने विचारलं, पप्पा, रबर लावलेत? मी म्हणालो, हो, सकाळपासून. म्हणाली, मग व्हिडिओ चालू करा.

मी म्हणालो, नेट स्लो आहे, पाच मिनिटं लागतील.

ती म्हणाली, चालेल, मी थांबते.

सात वाजून बारा मिनिटं झालीत. फोन टेबलावर उलटा ठेवलाय. ती अजून थांबली आहे, मागून मेसच्या ताटांचा आवाज येतोय. तिचं जेवण राहिलं असेल. बाथरूममध्ये पाहिलं, बॅगेत पाहिलं, शर्टांच्या खिशांत पाहिलं. रबरांची पुडी कुठेच नाही.